भुताची फिर्याद: 'बाहेरच्या'वरची पुस्तकं वाचताना

(हे या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी इथे वाढवल्यात.)

'दादा, भूत लागलेल्या माणसांवरची पुस्तकं सांगा, एकदम डेंजर पाहिजेत' असे मेसेज आपल्याकडे बारा महिने येतात. यावेळी त्या ढिगात एक वेगळा मेसेज होता. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलीचे तीन व्हॉइस नोट. तिच्या मावसबहिणीचं लग्न होऊन दोन वर्षं झालीत. मध्येच तिचा आवाज घोगरा होतो, दातखीळ बसते, ती कुणालाच ओळखत नाही. घरच्यांचं म्हणणं एकच: बाहेरचं झालंय. दर अमावास्येला एका देवरशाकडे नेतात. मागच्या वेळी मिरचीची धुरी दिली. पोरीचा प्रश्न असा होता की, 'मला असं पुस्तक सांगा जे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवू शकेन. इंग्रजी नको, आणि देवाला शिव्या देणारं तर अजिबात नको.'

डेंजरवाल्यांचं आधी उरकतो. मराठीत नारायण धारप वाचा, दुसरं काय सांगू. १९२५ साली जन्मलेला हा लेखक २००८ ला गेला, पण त्यांचा 'समर्थ' अजून वाचनालयातून घरोघरी फिरतोय. समर्थ म्हणजे आपला देशी एक्झॉर्सिस्ट. शांत माणूस, आरडाओरडा नाही, फटके नाहीत, समोर काय आहे ते आधी समजून घेणार. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा त्यानंतर घ्या. तिथे बऱ्याचदा भूत बाहेर कमी आणि माणसाच्या आत जास्त असतं. झालं तुमचं. आता त्या पोरीच्या प्रश्नाकडे येऊ.

पहिल्यांदा तो शब्दच बघा. 'बाहेरचं'. आपण भूत म्हणतच नाही. नाव घेतलं की येतं म्हणून असेल, पण त्या एका शब्दात सगळा सिद्धांत आहे: त्रास माणसाचा नाही, घराचा नाही, बाहेरून आलाय. म्हणजे घरात कुणाची चूक नाही. सोलापुरात तर आणखी मजा. आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू एकाच नळावर भांडतात. मराठीत देव म्हणजे देव. कन्नडमध्ये 'देव्व' म्हणजे भूत. तेलुगूत 'दय्यम' म्हणजेही भूतच. पूर्व भागातल्या एखाद्या पोराला विचारा, तो तिन्ही शब्द एका दमात वापरतो आणि गोंधळत नाही. देव आणि देव्व यांच्यात एका 'व'चा फरक. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पुस्तक. माझं उत्तर ऐकून ती पोरगी हसली असेल, कारण ते पुस्तक बहुतेक तिच्या घरात आधीच असणार, लाल फडक्यात बांधलेलं. गुरुचरित्र.

सरस्वती गंगाधर यांचा हा ग्रंथ साधारण सोळाव्या शतकातला. लेखकाची मातृभाषा कन्नड, लिहिलं मराठीत. म्हणजे माणूस आपल्याच सीमेवरचा. त्यात समंध आहे, ब्रह्मराक्षस आहे, पिशाच आहे. विसाव्या अध्यायातली शिरोळची गोष्ट घ्या. एका बाईची पाच मुलं एकामागून एक जातात. कारण कळतं ते असं: मागच्या जन्मी तिनं एका ब्राह्मणाचे शंभर रुपये घेतले होते आणि परत केले नव्हते. त्यानं जीव दिला, तो पिशाच झाला, आणि आता तो तिच्या मागे लागलाय.

थांबा इथे जरा. हे पिशाच कोण आहे? सावकाराचा वसुलीवाला नाही, उलट ज्याचे पैसे बुडाले असा घेणेकरी. त्याची एक फिर्याद आहे, ती कुणी ऐकली नाही. आणि उपाय काय सांगितलाय? औदुंबराखाली सेवा करायची, त्याचं राहिलेलं क्रियाकर्म करायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. बाईच्या स्वप्नात तो ब्राह्मण तिच्या अंगावर धावून येतो, तेव्हा गुरू मध्ये पडतात. ब्राह्मणाचं म्हणणं ऐकतात, त्याला सांगतात की हिच्या ऐपतीप्रमाणे ही देईल, तेवढं घे आणि सुटका करून घे. सरळ तडजोड. आपल्याकडे लोकअदालतीत होते तशी.

आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट: या प्रकरणात गुरू त्या बाईला हात लावत नाहीत. छडी नाही, केस ओढणं नाही, धूर नाही. तेविसाव्या अध्यायात गाणगापुरातल्या पिंपळावरच्या ब्रह्मराक्षसाची गोष्ट आहे, तिथेही तेच. गावकरी ज्याला घाबरून आसपासच्या घरात राहत नाहीत, तो पायावर येऊन पडतो. गुरू त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, संगमावर स्नानाला पाठवतात आणि तो मुक्त होतो. म्हणजे राक्षसालासुद्धा मारलेलं नाही. मग आमच्या गावचा देवरशी कुठल्या पोथीतून मिरची जाळायला शिकला, हे घरातल्या मोठ्यांना विचारायला काय हरकत आहे? त्या पोरीला मी हेच कळवलं. देवाला शिवी नाही, पोथी घरचीच, प्रश्न मात्र चोख.

एक अडचण आहे, ती पण सांगतो. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असं बऱ्याच घरात सांगतात. त्यावर वाद घालत बसलो तर मूळ विषय राहून जाईल. घरातल्या एखाद्या मामाला किंवा काकाला वाचायला लावा. मामा वाचतोय म्हटल्यावर सगळे बसतात.

आता गाणगापूर. आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईचे श्रोते आहेत म्हणून: सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वे लाईनवर गाणगापूर रोड स्टेशन आहे, तिथून आत जायचं. कलबुर्गी जिल्हा, अफझलपूर तालुका, भीमा आणि अमरजा यांचा संगम, दत्ताच्या निर्गुण पादुका. आणि दुपारची आरती. बाधा झालेली माणसं या आरतीसाठी आणतात. मी दहावीच्या सुट्टीत आजीबरोबर गेलो होतो. नगारा आणि घंटा सुरू झाल्या तसं गर्दीत ठिकठिकाणी माणसं घुमायला लागली. केस सुटलेल्या बायका, खांबाला धरून लोंबकळणारा एक तरणा पोरगा, मध्येच कुणाची तरी किंकाळी. मी आजीचा पदर सोडला नाही, हे कबूल करतो. पण डोक्यात राहिलं ते वेगळंच. आरती संपली, आणि माझ्या पुढ्यात इतका वेळ घुमणाऱ्या बाईनं केसांची गाठ मारली, पिशवी उचलली आणि शेजारणीला विचारलं की मधुकरीला कुठे जायचं. जसा काही बस स्टॉप विचारावा.

हे बघून 'नाटक आहे' म्हणणारे खूप भेटतात. मला ते उत्तर आळशी वाटतं. 'भूतच आहे' हे जितकं आळशी, तितकंच.

इथे एक पुस्तक कामाला येतं. एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेलं महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावरचं इंग्रजी पुस्तक, १९८८ चं, 'द एक्स्पीरियन्स ऑफ हिंदुइझम'. त्यात जॉन स्टॅन्ली नावाच्या अभ्यासकाचा लेख आहे, देव, भुतं आणि अंगात येणं यावर. तो जे दाखवतो ते आपण सगळे लहानपणापासून बघत आलोय. तुळजापूरला आराधी बाईच्या अंगात येतं तेव्हा लोक तिच्या पाया पडतात, हळदीकुंकू लावतात, पोराचं लग्न कधी होईल म्हणून विचारतात. आणि तशीच थरथर, तसेच फिरलेले डोळे सूनबाईचे झाले की म्हणतात, झपाटलीय. थरथर एक, नावं दोन. देव आणि देव्व. आलेलं कोण आहे हे अंग सांगत नाही, आजूबाजूची माणसं ठरवतात. आणि ते काय ठरवतात त्यावर पुढची वागणूक ठरते: नारळ की चाबूक.

सुधीर कक्कर हे मानसविश्लेषक. त्यांचं १९८२ चं 'शमन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' हे या विषयावरचं मला सगळ्यात आवडलेलं पुस्तक. राजस्थानात मेहंदीपूरला बालाजीचं मंदिर आहे, तिथे ते जाऊन बसले. तिथली भाषा ऐका: आधी दरखास्त, मग अर्जी, मग पेशी. पेशी म्हणजे भूत अंगात येऊन बोलायला लागणं. पूर्ण कोर्ट. आपल्याकडच्या दर्ग्यांमध्ये त्यालाच हाजिरी म्हणतात, तोही कचेरीतलाच शब्द. शिरोळच्या त्या ब्राह्मणाची फिर्याद आठवा. इतक्या लांबलांबच्या ठिकाणी लोकांना भुतासाठी कोर्टाचीच भाषा का सुचली असेल? कारण तिथे कुणीतरी काहीतरी सांगायला आलेलं असतं, आणि दुसरीकडे कुठे त्याची तारीख लागलेली नसते.

आयोन लुईस या मानववंशशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये 'एक्स्टॅटिक रिलिजन' लिहिलं, आफ्रिकेपासून अनेक समाजांची उदाहरणं घेऊन. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की, ज्यांचं घरात चालत नाही त्यांनाच जास्त करून असं झपाटलेपण येतं, आणि त्यातून त्यांना न बोलता तक्रार करता येते. सासूला 'अहो आई'शिवाय हाक न मारणारी सून अंगात आलं की तिला 'ए थेरडे' म्हणते, आणि सासू हात जोडते. ती हे ठरवून करते असं नाही. तिला नंतर आठवतही नसतं. पण जे बाहेर पडतं ते फुकटचं नसतं. मला कुणी विचारलं की बाधा झालेल्या माणसाजवळ बसून काय करायचं, तर मी म्हणेन, लिंबू नंतर, आधी ती काय बोलते ते नीट ऐका. लुईसच्या या मतावर टीकाही झालीय, की प्रत्येक बाईला तक्रारीच्याच खात्यात टाकता येत नाही. बरोबर आहे ती. विएदा स्कल्टन्स या संशोधिकेनं १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरावर लेख लिहिला. तिथे आजारी कुटुंबीयाला घेऊन आलेल्या आयाच घुमत होत्या. पोराचं दुखणं स्वतःवर घ्यायला. ही तक्रार नाही, हा वेगळाच सौदा आहे, आणि तो वाचून मला दोन दिवस करमलं नव्हतं.

बरं, आता 'द एक्झॉर्सिस्ट'. तुम्ही पिक्चर बघितलाय, मला माहितीय. पुस्तक वाचा. विल्यम पीटर ब्लॅटीची कादंबरी १९७१ ची, सिनेमा १९७३ चा. ब्लॅटी कॉलेजात असताना १९४९ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची बातमी पेपरात आली होती, तिथून बीज आलं; कादंबरीत त्यानं मुलाची मुलगी केली. सिनेमात मान फिरते ते सगळ्यांना आठवतं. पुस्तकात मात्र पानंच्या पानं डॉक्टर आहेत. तपासण्या, इंजेक्शनं, मानसोपचार, आणि धर्मावर विश्वास नसलेली आई. त्यातला कॅरस हा पाद्री स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि चर्चनं परवानगी देऊ नये अशी कारणं तोच शोधत असतो. कॅथलिक चर्चचा १६१४ चा विधीसुद्धा पाद्र्याला पहिली सूचना हीच करतो की पटकन विश्वास ठेवू नकोस. चारशे वर्षांपूर्वीची ही सूचना आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवावी अशी आहे.

आणि ती पाळली नाही तर काय होतं, त्याचंही पुस्तक आहे. अ‍ॅनेलीज मिशेल, जर्मनीतली विद्यार्थिनी. तिला फिट्स येत होत्या, औषधं चालू होती. मग तिला राक्षस दिसायला-ऐकायला लागले. १९७५-७६ मध्ये दोन पाद्र्यांनी सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर ६७ वेळा विधी केले. तिनं खाणं सोडलं. १ जुलै १९७६ ला ती गेली, वय २३, वजन जेमतेम ३० किलो. १९७८ मध्ये कोर्टानं आईवडील आणि दोन्ही पाद्री यांना निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत धरलं. फेलिसिटास गुडमन या बाईंनी १९८१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात दोष विधीपेक्षा औषधांकडे जास्त ढकलला. मला ते पटत नाही. २३ वर्षांची पोरगी उपाशी मेली आणि खोलीत चार मोठी माणसं होती, यावर कुठली थिअरी चालत नाही. आईवडील तिचे वैरी नव्हते, हेच त्यातलं भयंकर आहे. आपल्याकडेही पोरीला देवरशाकडे नेणारे बहुतेक वेळा जीव लावणारेच असतात.

'हे सगळं डॉक्टर-बिक्टर पाश्चात्त्यांचं खूळ' असं कुणी म्हणालं तर चरकाचं नाव घ्या. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक भूतविद्या, हे खरंय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात भूतबाधेचे वेगळे अध्याय आहेत आणि लगेच त्यांच्या पुढे उन्माद आणि अपस्मार, म्हणजे फिट्स. एकाच रांगेत लावलेत. पण चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाबद्दल बोलताना चरक एक ठाम गोष्ट सांगतो: देव, गंधर्व, पिशाच, राक्षस हे कुणी उगाच माणसाला त्रास देत नाहीत, माणसानं आपल्या दुखण्याचं कारण आपल्या करणीत शोधावं, देवांना नावं ठेवू नयेत. यातला कर्माचा भाग मी घेत नाही. आजारी माणसाला 'तुझंच पाप' म्हणणंही वाईटच. पण 'बाहेरचं' या शब्दाला आपल्याच एका वैद्यानं दोन हजार वर्षांच्या आसपास आधी टाचणी लावली होती, एवढं तरी घ्या.

आजचे डॉक्टर काय म्हणतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, झपाटलेपणाची नोंद आहे. पण अट बघा: ते नकोसं असलं पाहिजे, आपोआप होत असलं पाहिजे, त्या समाजाच्या मान्य धार्मिक रीतीत बसत नसलं पाहिजे, आणि त्यानं माणसाला खरोखर त्रास होत असला पाहिजे. म्हणजे तुळजापूरची आराधी आजारी नाही. ती मावसबहीण मात्र तपासून घ्यायला हवी. आणि तपासायचं का, तर 'मनाचं' म्हणून सोडून देण्यासारखं प्रत्येक वेळी नसतं. फिट्स असू शकतात. बाळंतपणानंतरचा आजार असू शकतो. सुझॅना कॅहलन ही न्यूयॉर्कमधली तरुण पत्रकार २००९ मध्ये अचानक भ्रमिष्टासारखी वागायला लागली, झटके यायला लागले. निदान झालं मेंदूच्या सुजेचं, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली होती. हा आजार वैद्यकशास्त्राला नीट कळला तोच २००७ मध्ये. उपचारांनी ती बरी झाली आणि २०१२ मध्ये तिनं 'ब्रेन ऑन फायर' लिहिलं. झपाटलेल्या माणसाला आतून काय दिसतं, हे सांगणारं इतकं स्पष्ट पुस्तक दुसरं मला माहीत नाही. अमावास्येची वाट बघत बसली असती तर ते लिहायला ती राहिली नसती.

मराठीत हे सगळं घरगुती भाषेत सांगणारा माणूस म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकर. 'भ्रम आणि निरास', 'तिमिरातुनि तेजाकडे' ही पुस्तकं वाचनालयात सहज मिळतात. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघा. त्यांच्या लिहिण्यात बाधा झालेल्या बाईची टिंगल नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या-माझ्या रील्समध्ये ती असते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते, त्याचा वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला.

त्या कायद्याचं नाव लांबलचक आहे, आपण जादूटोणाविरोधी म्हणतो. त्याला एक अनुसूची जोडलीय, फोनवर शोधून एकदा वाचाच. पहिलंच कलम भूत उतरवण्याबद्दल आहे. दोरीनं, साखळीनं बांधणं, काठी-चाबकानं मारणं, पादत्राण भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं, सगळं नाव घेऊन लिहिलंय. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच हजार ते पन्नास हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा हात लावत नाही, तेव्हा 'धर्मावर घाला' वगैरे कुणी म्हणालं तर तेवढा भाग त्यांना दाखवा. आणि गाणगापूर कर्नाटकात म्हणून सुटत नाही. कर्नाटकानं २०१७ मध्ये स्वतःचा तसाच कायदा केला आणि २०२० पासून तो लागू आहे.

साखळीचं म्हणाल तर एरवाडी आठवा. तमिळनाडूत दर्ग्याजवळच्या एका खासगी केंद्रात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधलेलं होतं. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधणं सरळ बंद केलंय, मग ते कुणीही आणि कुठेही बांधो.

घरात असं कुणी असेल तर देव सोडा असं मी म्हणणार नाही. आरतीला न्या, अंगारा लावा, मनाला बरं वाटत असेल तर जरूर. पण धुरी, मार, उपास आणि चालू गोळ्या बंद करणं, या चार गोष्टींना नाही म्हणा. जिवाला धोका दिसला तर पोलीस ठाणं, ११२. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. 'वेड्यांचा डॉक्टर' नको वाटत असेल तर 'फिट्सचं दाखवून येऊ' म्हणा, तेही खोटं नाही. आणि रात्री अडीच वाजता काही सुचेनासं झालं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे: १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.